डोळे येणे : भीती नजरेची, साथ हातांची

पावसाळ्याचे दिवस आणि डोळ्यांची साथ यांचे नाते जुने आहे. हवेत ओलावा असतो, टॉवेल आणि कपडे नीट वाळत नाहीत, मुले वर्गात आणि बालरथात दाटीवाटीने बसतात. त्यातच चतुर्थीच्या निमित्ताने घरोघरी माणसांची ये-जा सुरू होते. अशा दिवसांत घरातील एखाद्याचा डोळा लाल झाला, की आठवडाभरात घरातील बहुतेकांचे आणि पाठोपाठ वाड्यावरच्या अनेकांचे डोळे लाल होतात. ‘डोळे आले’ एवढ्या दोन शब्दांत हा आजार सांगितला जातो. तो बहुधा आपोआप बरा होत असल्यामुळे त्याकडे फारसे गांभीर्याने पाहिले जात नाही आणि तसे पाहिले तर घाबरण्याचेही कारण नाही. मात्र दोन गोष्टींमुळे हा साधा आजार त्रासदायक, प्रसंगी घातक ठरू शकतो. पहिली म्हणजे तो कसा पसरतो याविषयीचा गैरसमज. दुसरी म्हणजे फार्मसीतून स्वतःच्या मनाने आणून घातलेले थेंब.

डोळे येतात म्हणजे नेमके काय होते?

डोळ्याच्या पांढऱ्या भागावर आणि पापण्यांच्या आतल्या बाजूला एक अतिशय पातळ, पारदर्शक पटल असते. या पटलाला सूज आली, की त्यातील एरवी न दिसणाऱ्या सूक्ष्म रक्तवाहिन्या फुगतात आणि डोळा लालसर दिसू लागतो. वैद्यकीय परिभाषेत याला कंजंक्टिव्हायटिस म्हणतात. डोळ्यांतून पाणी येणे, वाळूचे कण गेल्यासारखे खुपणे, पापण्या सुजणे, सकाळी उठताना त्या एकमेकींना चिकटलेल्या असणे ही त्याची नेहमीची लक्षणे होत.

या सुजेची कारणे प्रामुख्याने तीन आहेत. पहिले कारण विषाणू. साथीच्या काळात दिसणारे बहुतेक रुग्ण याच प्रकारात मोडतात. यात डोळ्यांतून पाण्यासारखा स्राव येतो, सुरुवात बहुधा एका डोळ्यापासून होऊन एक-दोन दिवसांत दुसरा डोळाही लाल होतो. काहींना सोबत सर्दी, घसादुखी किंवा किंचित ताप असतो आणि कानापुढची गाठ दुखते. दुसरे कारण जिवाणू. यात पिवळसर किंवा हिरवट, घट्ट पू येतो आणि तो पुसला तरी थोड्या वेळाने पुन्हा जमतो. तिसरे कारण अ‍ॅलर्जी. धूळ, परागकण, बुरशी यांमुळे होणाऱ्या या प्रकारात खाज हे मुख्य लक्षण असते, दोन्ही डोळे एकदमच लाल होतात आणि हा प्रकार एकाकडून दुसऱ्याला होत नाही.

हा फरक समजून घेणे महत्त्वाचे आहे, कारण तिन्ही प्रकारांवरचे उपचार वेगळे आहेत. जिवाणूंवर प्रतिजैविकाचे थेंब उपयोगी पडतात. विषाणूंवर त्यांचा काहीही परिणाम होत नाही. विषाणूमुळे आलेले डोळे शरीराची प्रतिकारशक्तीच बरे करते. त्याला साधारण एक ते दोन आठवडे लागतात. क्वचित तीन आठवडेही लागू शकतात.

पाहण्याने नव्हे, स्पर्शाने

डोळे आलेल्या माणसाच्या डोळ्यांत पाहिले की आपलेही डोळे येतात, ही समजूत अजूनही घट्ट आहे. म्हणूनच डोळे आलेली व्यक्ती काळा चष्मा घालते आणि समोरची व्यक्ती नजर चुकवते. प्रत्यक्षात नजरेतून कोणताही रोगजंतू प्रवास करत नाही. काळ्या चष्म्यामुळे रुग्णाला उजेडाचा त्रास कमी होतो आणि त्याचा हात वारंवार डोळ्याकडे जात नाही, एवढाच त्याचा लाभ. चष्मा घातला म्हणजे इतरांना धोका उरला नाही, असे समजून इतर काळजी सोडून दिली तर साथ थांबत नाही.

विषाणूंचा खरा मार्ग हाताचा आहे. रुग्ण डोळे पुसतो, त्या हाताने दाराची कडी, पाण्याचा तांब्या, मोबाईल, बसमधील दांडी किंवा शाळेतील बाक धरतो. दुसरी व्यक्ती तीच वस्तू हाताळते आणि नकळत स्वतःच्या डोळ्याला हात लावते. माणसाचा हात दिवसभरात अनेकदा चेहऱ्याकडे जातो आणि त्याची त्याला जाणीवही नसते. एकच टॉवेल, एकच उशी, एकच रुमाल, काजळाची एकच डबी आणि थेंबांची एकच बाटली ही याच मार्गाची घरातील रूपे होत.

आपल्याकडे ही गोष्ट नव्याने कळलेली नाही. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या रोगांची जी गणना आहे, तीत ज्वर, कुष्ठ आणि शोष यांच्यासोबत नेत्राभिष्यंदाचाही समावेश आहे. नेत्राभिष्यंद म्हणजेच डोळे येणे. हे रोग कशाने संक्रमित होतात तेही तिथे सांगितले आहे: अंगाचा स्पर्श, श्वास, एकत्र जेवण, एकाच अंथरुणावर झोपणे, एकाच आसनावर बसणे, दुसऱ्याची वस्त्रे, माळा आणि लेप वापरणे. या यादीत नजरेचा उल्लेख नाही. सूक्ष्मदर्शक यंत्राचा शोध लागण्याच्या कितीतरी शतके आधी केवळ निरीक्षणातून काढलेला हा निष्कर्ष आजच्या वैद्यकशास्त्राशी बराचसा जुळतो.

करोनाच्या काळात हात स्वच्छ करण्याची सवय अनेकांना लागली. पण तेव्हाचे सॅनिटायझर इथे तितकेसे विश्वासार्ह नाही. करोना विषाणूभोवती स्निग्ध आवरण असते आणि अल्कोहोलने ते विरघळते. डोळ्यांची साथ पसरवणाऱ्या अडेनोव्हायरस आणि एंटेरोव्हायरस या दोन्ही गटांतील विषाणूंना असे आवरण नसते, त्यामुळे अल्कोहोलला ते सहजासहजी दाद देत नाहीत. अडेनोव्हायरस तर कोरड्या पृष्ठभागावरही अनेक दिवस, कधी काही आठवडे टिकून राहू शकतो. म्हणून साबण आणि वाहते पाणी यांनी निदान वीस सेकंद हात चोळून धुणे हाच उत्तम उपाय ठरतो. दाराच्या कड्या, नळ आणि बाक पुसण्यासाठी क्लोरीनयुक्त द्रावण, म्हणजे घरोघरी मिळणारे पातळ केलेले ब्लीच, वापरावे.

आळंदीपासून घानापर्यंत

जुलै २०२३ मध्ये पुणे जिल्ह्यातील आळंदी येथे डोळ्यांची मोठी साथ आली. मोठ्या संख्येने मुले एकत्र राहून शिकणारे हे तीर्थक्षेत्र. तिथे थोड्याच दिवसांत हजारो रुग्ण आढळले. पुढील काही आठवड्यांत महाराष्ट्रभरातील रुग्णांची संख्या लाखांत गेली आणि दिल्ली, गुजरातपासून ईशान्येकडील राज्यांपर्यंत साथ पसरली. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने नमुने तपासले, तेव्हा त्यांत एंटेरोव्हायरस आणि अडेनोव्हायरस आढळले. त्या वर्षीच्या साथीत कॉक्सॅकी ए-२४ या विषाणूच्या बदललेल्या प्रकाराचा मोठा वाटा होता. हा विषाणू शरीरात शिरल्यापासून एक-दोन दिवसांतच डोळे लाल करतो. अडेनोव्हायरसला त्यासाठी साधारण पाच ते बारा दिवस लागतात. एखादी साथ दोन दिवसांत गावभर होते आणि दुसरी महिनाभर रेंगाळते, त्याचे एक कारण हेच.

पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीची साथ याहून मोठी होती. १९६९ मध्ये आफ्रिकेतील घाना देशात डोळ्यांतील पांढऱ्या भागात रक्त उतरणारी एक नवी साथ उद्भवली. त्याच वर्षी अपोलो-११ मोहिमेत माणूस चंद्रावर उतरला होता, म्हणून तेथील लोकांनी या आजाराला ‘अपोलो’ हेच नाव दिले. १९७१ मध्ये ती साथ भारतात पोहोचली आणि मुंबईलाही तिचा तडाखा बसला. बंगालमध्ये तेव्हा बांगलादेश मुक्तिसंग्रामामुळे निर्वासितांचे लोंढे येत होते. तिथे या आजाराला ‘जॉय बांगला’ म्हणू लागले. चंद्रावरच्या स्वारीचे नाव असो वा युद्धघोषणेचे, दोन्ही नावांतून साथीचा वेगच लोकांच्या मनावर ठसलेला दिसतो. इतक्या लोकांचे डोळे येऊनही बहुसंख्य रुग्ण काही दिवसांत पूर्ण बरे झाले, हेही तितकेच खरे.

थेंबांची घाई

डोळे आले की पहिले पाऊल पडते ते फार्मसीकडे. ‘डोळ्यांत घालायचे थेंब द्या’ एवढे सांगून बाटली आणली जाते, किंवा मागच्या वर्षी उरलेली बाटली कपाटातून काढली जाते. धोका इथेच आहे. बाजारात मिळणाऱ्या अनेक थेंबांत प्रतिजैविकासोबत स्टिरॉइड मिसळलेले असते. स्टिरॉइडमुळे सूज झपाट्याने उतरते आणि लाली एका दिवसात कमी होते. रुग्णाला वाटते, औषध लागू पडले. प्रत्यक्षात स्टिरॉइडने डोळ्याची प्रतिकारशक्तीच दाबलेली असते. विषाणू डोळ्यात अधिक काळ राहू शकतो. तो नागिणीच्या जातकुळीतला हर्पीस विषाणू असेल, तर बुबुळावर व्रण होऊन तो वेगाने पसरू शकतो.

शेतकरी कुटुंबांच्या बाबतीत हा धोका आणखी मोठा आहे. पेडणे आणि डिचोली तालुक्यांत सरदाची भातकापणी चतुर्थीनंतरच्या दिवसांत सुरू होते. कापणी-मळणी करताना भाताचे पाते किंवा कुसळ डोळ्याला लागणे ही नित्याची गोष्ट. अशा जखमेतून बुबुळावरच्या पारदर्शक आवरणात, म्हणजे कॉर्नियात, बुरशीचा शिरकाव होऊ शकतो. डोळा लाल होतो, पाणी येते, खुपते. गावात साथ सुरू असेल तर ‘याचेही डोळे आले’ असे सहज म्हटले जाते आणि शेजाऱ्याने वापरलेले थेंब त्याच्याही डोळ्यात पडतात. बुरशीच्या जखमेवर स्टिरॉइड म्हणजे आगीत तेल. काही दिवस बरे वाटते आणि मग बुबुळावर पांढरा डाग दिसू लागतो. तोपर्यंत जखम खोलवर गेलेली असते. योग्य उपचारांनी जखम भरली तरी डाग राहू शकतो आणि त्या डोळ्याची दृष्टी कायमची मंदावू शकते.

याखेरीज स्टिरॉइडचे थेंब दीर्घकाळ घातल्यास डोळ्यातील दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो आणि मोतीबिंदूही लवकर येऊ शकतो. अ‍ॅलर्जीने डोळे वारंवार चुरचुरणाऱ्या मुलांना महिनोन्महिने असे थेंब घातले जातात, तेव्हा ही जोखीम विशेष असते. बाटलीवर डेक्सामेथासोन, बेटामेथासोन, प्रेडनिसोलोन, फ्लुओरोमेथोलोन किंवा लोटेप्रेडनॉल यांपैकी एखादे नाव असेल तर त्यात स्टिरॉइड आहे, हे ओळखावे. नेत्रतज्ज्ञ काही रुग्णांना विचारपूर्वक स्टिरॉइड देतात. पण ते बुबुळ तपासून, ठरावीक दिवसांसाठी आणि स्वतःच्या देखरेखीखाली. तोच निर्णय शेजाऱ्याच्या सल्ल्याने घेणे योग्य नव्हे.

घरगुती उपायांबाबतही सावध राहायला हवे. आईचे दूध, मध, एरंडेल, गुलाबपाणी, पानाफुलांचा रस अशा कितीतरी गोष्टी डोळ्यांत घातल्या जातात. हे पदार्थ खाण्यापिण्यास कितीही चांगले असले तरी ते निर्जंतुक नसतात. सुजलेल्या डोळ्यात त्यांच्यासोबत नवे जंतू जाऊ शकतात. आयुर्वेदिक उपचार घ्यायचे असतील तर तेही पदवीधर वैद्यांच्या तपासणीनंतरच घ्यावेत. पेडणे तालुक्यात धारगळ येथे डिसेंबर २०२२ मध्ये अखिल भारतीय आयुर्वेद संस्था सुरू झाल्याने ही सोय आता जवळच उपलब्ध आहे.

घरी घ्यायची काळजी

साध्या, विषाणूजन्य प्रकारात डोळ्याला आराम देणे आणि घरातील इतरांना वाचवणे एवढेच करायचे असते. पाणी उकळून थंड करावे, त्यात स्वच्छ कापूस भिजवून पापण्या नाकाच्या बाजूकडून कानाच्या बाजूकडे हलकेच पुसाव्यात. एक बोळा एकदाच वापरावा आणि दोन्ही डोळ्यांसाठी वेगळे बोळे घ्यावेत. बंद डोळ्यांवर थंड पाण्याची घडी ठेवल्यास चुरचुर कमी होते. डॉक्टरांच्या सल्ल्याने कृत्रिम अश्रूंचे थेंब घालता येतात. डोळे चोळू नयेत, पट्टी बांधू नये, काजळ घालू नये. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी ती लगेच काढावी आणि डोळा पूर्ण बरा झाल्यावर नवीच घालावी.

डॉक्टरांनी थेंब दिले असल्यास ते घालण्यापूर्वी आणि घातल्यानंतरही हात धुवावेत. बाटलीचे टोक पापणीला टेकू देऊ नये. एकाची बाटली दुसऱ्याने वापरू नये आणि उघडून महिना झालेली बाटली टाकून द्यावी. रुग्णाचा टॉवेल, उशीचा अभ्रा आणि रुमाल वेगळे ठेवावेत, गरम पाण्यात धुवावेत आणि पावसाची उघडीप मिळताच उन्हात वाळवावेत. ऊन नसेल तर इस्त्री फिरवावी. पुसण्यासाठी कागदी रुमाल वापरून ते झाकणाच्या कचराकुंडीत टाकणे अधिक सोयीचे.

शाळा, चतुर्थी आणि कामधंदा

डोळ्यांतून पाणी किंवा पू येत असेपर्यंत मुलाला शाळेत, अंगणवाडीत किंवा शिकवणीला पाठवू नये. विषाणूजन्य प्रकारात संसर्गाचा काळ दहा ते चौदा दिवसांपर्यंत असू शकतो. त्यातही पहिला आठवडा सर्वाधिक धोक्याचा. हजेरीसाठी मुलाला बालरथात बसवून पाठवले तर दोन दिवसांत अर्धा वर्ग घरी बसतो. शिक्षकांनी अशा मुलाला ओरडून वेगळे बसवण्यापेक्षा पालकांना निरोप द्यावा आणि नळावर साबण ठेवण्याची व्यवस्था पाहावी.

चतुर्थीच्या दिवसांत भजन-आरतीसाठी एका घरातून दुसऱ्या घरात मंडळी जातात. आरतीनंतर निरांजनावर हात फिरवून ते डोळ्यांना लावण्याची आणि तीर्थाचा हात डोळ्यांवरून फिरवण्याची प्रथा सर्वत्र आहे. हात स्वच्छ असतील तर त्यात काहीच वावगे नाही. मात्र घुमट, झांजा आणि आरतीचे तबक अनेक हातांतून फिरलेले असते, हे ध्यानात ठेवावे. आरतीपूर्वी हात धुण्यासाठी पाणी आणि साबण ओसरीवर ठेवला तर प्रथाही राहते आणि साथही आवरते. ज्यांचे डोळे आले आहेत त्यांनी दुरूनच नमस्कार करावा. पाहुण्यांसाठी सामायिक टॉवेल टांगणे साथीच्या दिवसांत टाळावे.

हरमल, मांद्रे, मोरजी या किनारपट्टीवरील हॉटेलांत आणि अतिथिगृहांत काम करणाऱ्यांचा प्रश्न वेगळा आहे. चादरी, टॉवेल, भांडी यांच्याशी त्यांचा दिवसभर संबंध येतो आणि रोजंदारी बुडेल या भीतीने अनेकजण लाल डोळ्यांनी कामावर येतात. मालकांनी अशा कर्मचाऱ्याला चार दिवस रजा दिली, तर पुढे अनेकांची रजा वाचते. जलतरण तलावांतील क्लोरीनचे प्रमाण योग्य राखणेही आवश्यक आहे. अपुऱ्या क्लोरीनच्या पाण्यातून अडेनोव्हायरस पसरतो. डोळे आलेल्यांनी तलावात उतरू नये.

डॉक्टरांकडे केव्हा जावे?

पुढील लक्षणे दिसल्यास ‘डोळे आले आहेत, जातील’ असे म्हणत घरी थांबू नये. डोळ्यात खोलवर ठणका लागणे. उजेड अजिबात सहन न होणे. पापण्यांची उघडझाप करूनही धूसर दिसणे. बुबुळावर पांढरा ठिपका दिसणे. पापणी खूप सुजून ताप येणे. घट्ट पू भराभर जमणे. आठवडा उलटूनही उतार न पडणे. भाताचे पाते, काटा, लाकडाचा कण किंवा धातूचा कपचा लागल्यानंतर एकच डोळा लाल झाला असेल, नुकतीच मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली असेल किंवा कॉन्टॅक्ट लेन्स वापरात असेल तर त्याच दिवशी तपासून घ्यावे. जन्मानंतरच्या पहिल्या महिन्यात बाळाच्या डोळ्यांतून पू येत असेल तर एक तासही दवडू नये. प्रसूतीच्या वेळी आईकडून आलेल्या काही जिवाणूंमुळे बाळाची दृष्टी धोक्यात येऊ शकते. पानाचा चुना किंवा एखादे रसायन डोळ्यात गेल्यास सर्वप्रथम स्वच्छ पाण्याच्या धारेखाली डोळा निदान वीस मिनिटे धुवावा आणि मगच रुग्णालयाकडे निघावे.

पेडणेवासीयांसाठी तुये येथील सामुदायिक आरोग्य केंद्र आणि कासारवर्णे येथील प्राथमिक आरोग्य केंद्र जवळ आहेत; डिचोलीतही सरकारी आरोग्य केंद्र आहे. बुबुळाची तपासणी आवश्यक असल्यास तेथील डॉक्टर रुग्णाला म्हापशाच्या उत्तर गोवा जिल्हा रुग्णालयात किंवा बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात पाठवू शकतात. नेत्रतज्ज्ञाकडे नारिंगी रंगाचा एक थेंब घालून निळ्या प्रकाशात बुबुळ पाहण्याची सोपी चाचणी असते. व्रण असल्यास तेवढाच भाग चमकून दिसतो. काही मिनिटांच्या या वेदनारहित तपासणीतून साधे आलेले डोळे आणि दृष्टीवर बेतणारी जखम यांतला फरक स्पष्ट होतो. ही तपासणी होईपर्यंत स्टिरॉइडचा एकही थेंब डोळ्यात जाऊ न देणे आणि आधी वापरलेली बाटली असल्यास ती डॉक्टरांना दाखवण्यासाठी सोबत नेणे, एवढी दक्षता प्रत्येक घराने घ्यायला हवी.